पिवळी तडतडी

“भुई गरम लागतीया, म्याडम,” गोकर्णा म्हणाली.

ती वाळवणीच्या शेडच्या दारात अनवाणी उभी होती. हातात हळदीकुंकवाचं तबक, डोक्यावर पदर. खंडेनवमीची सकाळ होती. कारखाना बंद होता, पण हत्यारं पुजायला दहाबारा बायका आल्या होत्या. त्या बाहेर लिंबाखाली बसून लाकडी उलथनी, पितळी चाळण्या आणि बांबूच्या पाट्या मांडत होत्या. आमच्याकडे लोखंडी हत्यार नसायचंच. लोखंडाची ठिणगी पडते.

“ऊन आलं असेल आत,” मी म्हणाले.

“ऊन दारापाशी हाय. गरम तिकडं लागतंय.” तिने तबक धरलेल्या हाताचं कोपर शेडच्या मागच्या कोपऱ्याकडे उडवलं.

मीही अनवाणीच होते. चपलेला खिळे असतात म्हणून अनवाणी चालायचा नियम मीच केला होता. मी उंबऱ्याच्या आत दोन पावलं टाकली. जमीन गार होती. आणखी दोन पावलं टाकली आणि कोमट लागली, चूल विझल्यावर तासाभराने वैलाजवळ लागते तशी. कोपऱ्यात एक गोणपाट पसरलेलं होतं. नाकाला झोंबणारा वास येत होता, गोठ्यातल्यासारखा. रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाला तो वास ओळखायला फार वेळ लागत नाही. अमोनिया.

गोणपाटाच्या वर, बांबूच्या मांडणीत, तीन पाट्या वाळत होत्या. त्यांत मोहरीएवढे मळकट पिवळे दाणे होते. त्या तीन पाट्यांसाठी मी तीन महिने मालकांशी, अब्बास मिस्तरींशी आणि निम्म्या गावाशी भांडले होते.

हे ब्याण्णव सालचं. सोलापूरच्या पुढे माळावर, गावापासून दोन मैलांवर, विभूते शेठचा फटाक्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एकमेकींपासून लांब लांब बांधलेल्या अकरा खोल्या आणि त्यांच्यामध्ये मातीचे बांध. एक खोली उडाली तर शेजारची वाचावी एवढीच त्या रचनेची महत्त्वाकांक्षा. कायद्याने एक शिकलेला माणूस ठेवावा लागतो म्हणून शेठनी मला ठेवलं होतं. मी एम.एस्सी. झाले होते, सव्वीस वर्षांची होते आणि मला सगळं कळतं अशी माझी खात्री होती. ती खात्री मला तिथेच सोडून यावी लागली.

कारखान्याचं नाव होतं तडतडीसाठी. आकाशात फुटलेल्या बाणातून दाणे खाली येतात, क्षणभर मुकाट जळतात आणि मग एकदम तडतडायला लागतात, तेलात मोहरी पडावी तसे. व्यापारी त्याला क्रॅकलिंग म्हणत. आम्ही तडतडी म्हणायचो. हा आवाज काढणं सोपं नाही. दाण्यात धातूची भुकटी असते आणि तिला प्राणवायू पुरवणारी दुसरी एक पूड असते. दाणा आधी आतल्या आत धुमसतो, आतली उष्णता एका मर्यादेपर्यंत चढते आणि मग सगळं एका क्षणात उरकतं. ती दुसरी पूड आमच्याकडे लाल होती. पोत्यावर तिचं इंग्रजी नाव असायचं, पण बायकांनी ती पहिल्याच दिवशी ओळखली होती. शेंदूर. मारुतीला लावतात तोच. म्हणजे शिसं.

गोकर्णा दर शनिवारी पदराच्या गाठीत चिमूटभर शेंदूर मारुतीसाठी घरी न्यायची. मी एकदा पकडलं.

“हे विष आहे, गोकर्णाबाई.”

“देवाला चालतं ते मानसाला चालत न्हाई व्हय?”

“देव त्याच हाताने भाकरी खात नाही.”

ती हसली. पण शेंदूर न्यायचं थांबलं नाही. तिशीच्या आतली, उंच, हाताला फार वेगवान बाई. दाणे वळण्यात तिचा हात कोणी धरत नसे. तिची दोन बाळंतपणं पूर्ण झाली नव्हती. एक पाचव्या महिन्यात गेलं, एक सातव्या. दोन्ही कारखान्यात लागल्यानंतरची. आता तिसऱ्यांदा तिला तिसरा महिना होता आणि हे तिने मला सोडून कोणाला सांगितलं नव्हतं. मला सांगण्याचं कारण एवढंच की मी विचारलं होतं.

आणि अब्बास मिस्तरी. ते पंचावन्न वर्षांचे होते, बापजाद्यांपासून दारूकाम करणारे. लाल तडतडी त्यांची. ते दाणा नुसता पाहून सांगत की हा बोलेल की फुसका जाईल. गेल्या वर्षभरात त्यांचे दोन्ही पंजे मनगटातून खाली लोंबायला लागले होते. चहाचा कप ते दोन्ही तळव्यांत दाबून धरत. पोटात अधूनमधून अशी कळ यायची की शेडच्या भिंतीला टेकून बसत. ते म्हणायचे, वय झालं. मी त्यांचं रक्त शिशासाठी तपासायला पुण्याला एका मैत्रिणीकडे पाठवलं. आलेला आकडा वाचून तिने मला ट्रंक कॉल केला होता.

तो कागद घेऊन मी शेठकडे गेले. शेठ माणूस वाईट नव्हता. ऐकून घ्यायचा आणि मग आपलंच करायचा.

“कागद दाखवून भिववू नका, म्याडम. लालशिवाय तडतडी होते का?”

“होते. बिस्मथ म्हणून एक धातू असतो, त्याची पिवळी पूड मिळते. तिच्याने होते. शिशासारखा त्रास नाही.”

“तुम्ही केलीय?”

“नाही. वाचलंय.”

शेठ हसले नाहीत, हेच नशीब. म्हणाले, “दसऱ्याला संध्याकाळी व्यापारी येतात. त्यांच्यासमोर तुमचं पिवळं लालइतकं तडतडून दाखवा. दाखवलंत तर पुढच्या मोसमाला लाल बंद. माझा शब्द. नाही तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.”

पिवळ्याचं मिस्तरींना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. “म्याडम, पुस्तकात आवाज येतो का?”

तरी ते कामाला लागले. का लागले हे मला तेव्हा कळलं नाही. बहुतेक कोणाचं तरी आपल्यावाचून अडलं आहे हेच त्यांना बरं वाटलं असावं. पहिले दाणे नुसते फुसफुसले. दुसऱ्या खेपेचे इतके भडकले की मिस्तरींच्या भुवया करपल्या. मी पुस्तकं उघडायची आणि ते माझ्यावर खेकसायचे. “उंटावरून शेळ्या हाकू नका. खाली येऊन दाना बगा.” मग मी खाली बसून दाणा बघायची. शेवटी चूक त्यांनाच सापडली. पिवळ्याला दाणा लहान लागतो. लालच्या मापाचा दाणा आतून तापेपर्यंत बाहेरून जळून जायचा. माप मोहरीवर आणलं आणि गोकर्णाच्या बोटांनी ते जमवलं. पिवळ्या दाण्यांचं सगळं वळण तिनेच केलं होतं. तेवढे दिवस ती शेंदराच्या खोलीत गेली नाही.

अष्टमीच्या सकाळी मिस्तरींनी बांधापलीकडे वाळूवर एकच दाणा पेटवला आणि मान तिरकी करून ऐकत राहिले. दाणा मुकाट जळला, आणि मग तडकला.

“बोलतंय,” मिस्तरी म्हणाले. मग नाइलाजाने, “लालपेक्षा बारीक आवाज हाय. पर साफ हाय.”

गोकर्णाने तोंडाला पदर लावला. ती हसत होती की रडत होती ते मला दिसलं नाही. मला स्वतःला मात्र रडू आलं होतं.

तीन पाट्या तयार झाल्या. पिवळी पूड मुंबईहून आणलेली, तेवढीच होती. दुसरी मागवली तर पंधरा दिवस. म्हणजे दसऱ्याच्या परीक्षेला त्याच तीन पाट्या.

मिस्तरींना दुपारी कळ आली आणि ते घरी गेले. संध्याकाळी मी पाठवणीच्या कागदांत बुडाले होते, तेव्हा गोकर्णा दारात आली.

“म्याडम, उद्या खंडेनवमी. समद्या शेडी सारवून घेतल्या. वाळवणीची तेवढी ऱ्हायली. सारवू का?”

वाळवणीच्या शेडच्या दारावर पांढऱ्या अक्षरांत पाटी होती. *आत पाणी आणू नये.* अक्षर माझं होतं. धातूच्या भुकटीला ओल लागली की ती आतल्या आत तापते, आणि शेणाची ओल साध्या पाण्याहून वाईट. हे मी बायकांना दोनदा समजावून सांगितलं होतं. समजावलेलं सगळ्यांत आधी मीच विसरले.

मी वर पाहिलं. ती सकाळपासून दाणे वळून, पाट्या वाहून, दहा शेडी झाडून आली होती. तिला तिसरा महिना होता. आणि मला तिला नाही म्हणवेना. तीन महिने मी या बायकांना प्रत्येक गोष्टीला नाहीच म्हणत आले होते. शेंदूर नेऊ नका, चपला घालू नका, बांगड्या काढा. सणाच्या दिवशी तरी म्याडमनी हो म्हणावं असं मलाच वाटलं.

“पाट्या वरच्या फळीवर सरकवा,” मी म्हणाले, “आणि पातळ हात फिरवा. भिजवू नका.”

“न्हाई भिजवत,” ती म्हणाली, आणि खरोखरच तिने भिजवलं नाही. भुई सकाळपर्यंत वाळून खडखडीत झालीही होती.

पण सारवण्याआधी झाडावं लागतं. शेडच्या कडेने महिन्याभराची धातूची भुकटी साचली होती. रोजचा केर आम्ही बाहेरच्या वाळूच्या खड्ड्यात टाकत असू. त्या संध्याकाळी केर भरेपर्यंत दिवेलागण झाली. दिवे लागल्यावर केर घराबाहेर टाकत नाहीत, लक्ष्मी जाते. त्यातून नवरात्र. माझी आईसुद्धा टाकू देत नसे. तेव्हा बायकांनी तो केर, शेणकाल्याच्या ओल्या केरसुणीने गोळा केलेला, कोपऱ्यात लोटला आणि दिसू नये म्हणून वर गोणपाट टाकलं. सकाळी उठून टाकू, म्हणाल्या.

सकाळ झाली होती. गोणपाटाच्या कडेने धूर नव्हता, पण वरची हवा हलत होती.

“बाहेर,” मी म्हणाले.

“पाट्या गार हायती वरल्या,” गोकर्णा म्हणाली. तिने तबक खाली ठेवलं होतं आणि ती माझ्या पुढे सरकली होती. “येका दमात आनते मी. तीनच तर हायती.”

“बाहेर चल.”

“म्याडम, आवो, दुसरं न्हाई आपल्याकडं!”

मला ते ठाऊक होतं. चार पावलांवर त्या पाट्या होत्या. मी त्या क्षणी हिशेब केला हे कबूल करते. हात वर, तीन पाट्या, चार पावलं मागे. कदाचित जमलंही असतं. तेवढ्यात मागून मिस्तरींचा आवाज आला. ते पूजेसाठी नवा पांढरा सदरा घालून आले होते.

“काय झालं?”

“कोपरा तापलाय,” मी म्हणाले.

त्यांनी एकदा श्वास ओढला, एकदा मांडणीकडे पाहिलं आणि स्वतःच एक पाऊल आत टाकलं. तीन महिने पिवळ्याला नावं ठेवणारा माणूस पिवळ्यासाठी आत निघाला होता. मी त्यांच्या आडवी झाले.

“मिस्तरी, तापलं की सोडायचं. हे मला पहिल्या दिवशी कोणी सांगितलं?”

ते थांबले. मग त्यांनी गोकर्णाचा दंड धरायला हात पुढे केला. पंजा तिच्या दंडावरून नुसता घसरला, पकडू शकला नाही. तिने ते पाहिलं. आणि त्यानेच ती हलली. मुकाट्याने वळली आणि आमच्या आधी बाहेर पडली.

आम्ही लिंबाखालच्या बायकांना उठवून बांधापलीकडे नेलं. दोनच मिनिटं गेली असतील. आधी कौलांतून पांढरा, डोळे दिपवणारा उजेड आला. मग पिवळे दाणे पेटले. ते आधी मुकाट जळले. बायका कानांवर हात ठेवून बसल्या होत्या. आणि मग ते बोलायला लागले. तिन्ही पाट्या एकदम. सबंध माळ तडतडत होता. कौलं उडाली, लिंबाची एक बाजू करपली. कोणाला ओरखडाही आला नाही.

मिस्तरी मान तिरकी करून ऐकत होते.

“व्यापाऱ्यांनी ऐकायला पायजे व्हतं,” ते म्हणाले.

गोकर्णा बांधाला टेकून बसली होती. तिने पोटावर हात ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सकाळी, तपासणीला जिल्ह्याहून साहेब आले. लोखंडे त्यांचं नाव. शांत, काटेकोर माणूस, बगलेत वही. त्यांनी जळक्या शेडभोवती दोन चकरा मारल्या. भुई भाजून विटेसारखी झाली होती. सारवण कुठे आणि माती कुठे हे सांगणं देवालाही शक्य नव्हतं. कोपऱ्यात खड्डा पडला होता.

“सुरुवात इथून झाली,” ते म्हणाले. “वर काय होतं?”

“नवं पिवळं,” शेठ म्हणाले. “प्रयोग चालला होता. साहेब, अठरा वर्षं लाल बनवतोय, एकदा असं झालं नाही. हे पिवळं आपोआप पेटलं बघा.”

साहेब माझ्याकडे वळले. “तुम्ही केमिस्ट ना? पिवळी पूड आपोआप पेटते?”

“नाही,” मी म्हणाले. “ती स्थिर असते. लालइतकीच.”

“मग?”

“धातूच्या भुकटीला ओल लागली तर ती तापते.”

“ओल होती का शेडमध्ये?”

शेठ, मिस्तरी, साहेब, चारपाच बायका, सगळे तिथेच उभे होते. होती म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, कोणी आणू दिली. त्याचं उत्तर एकच होतं. माझी नोकरी गेली असती. परवान्यावर जबाबदार म्हणून माझं नाव होतं, त्यामुळे कदाचित आणखीही काही झालं असतं. मला भीती वाटली. उगाच सजवून सांगत नाही, साधी भीती. तरी मी बोलणार होते. आजही मला वाटतं की मी बोलणार होते. तोंड उघडायला मला वेळ लागला, एवढंच.

“न्हाई जी,” गोकर्णा म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं.

“भुई कोरडी खडंग व्हती. म्याडम पान्याचा थेंब आत येऊ देत न्हाईत. बाटली घेऊन गेलं तरी वरडत्यात. तुमी पाटी वाचा की, अजून हाय दारावर.”

दाराची चौकट अर्धी जळली होती, पण पाटी होती. साहेबांनी ती वाचली. मागच्या बायकांनी माना डोलावल्या. परवा संध्याकाळी त्यांतल्या तिघींनी तिच्याबरोबर सारवलं होतं.

“बरोबर आहे?” साहेबांनी मला विचारलं.

मी मिस्तरींकडे पाहिलं. ते करपलेल्या कोपऱ्याकडे पाहत होते.

“हो,” मी म्हणाले.

साहेबांनी वहीत लिहिलं. ते काय लिहितात हे मला वाचायची गरज नव्हती. ओल नव्हती. ठिणगी नव्हती, हत्यारं बाहेर होती. माणूस आत नव्हता. विजेची तार नव्हती. उरलं काय? पिवळं. अंकगणित इतकं सोपं होतं, पण त्या बायकांमध्ये ते मांडता येणारी मी एकटीच होते.

साहेब गेल्यावर गोकर्णा मला पाण्याच्या टाकीमागे गाठून म्हणाली, “नीट बोलले न्हवं मी?”

मी टाकीचा गळका नळ घट्ट केला.

“रातभर झोप न्हाई मला. म्हनलं, सारवल्यालं कळलं तर म्याडमला काडत्यात. आन म्याडम गेल्यावर पिवळं कोन आननार? मिस्तरी आननार व्हय? शेठ आननार?” तिने आवाज खाली आणला. “पंदरा दिसांत पूड येती म्हनला व्हता न्हवं तुमी? मला अजून चवथा बी लागला न्हाई. येळ हाय.”

तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगायचं काय तेही मला स्वच्छ माहीत होतं. तू मला वाचवलंस त्या वाक्यानेच पिवळं बुडवलंस. दोन वाक्यांचं काम. मी म्हणाले, “हो. छान बोललीस.”

संध्याकाळी मी शेठच्या कचेरीकडे निघाले. सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं, रस्ताभर वाक्यं जुळवली होती. कचेरीत व्यापारी बसले होते. अंगणात लालचा नमुना उडवून झाला होता, सगळे खुशीत होते. शेठनी मला आपट्याची पानं दिली. “या, म्याडम, बसा. चहा घ्या. झालं ते झालं, जीव वाचले. पण आता तो विषय नाही हं.” मी बसले. चहा घेतला. चहा फार गोड होता. मग सगळ्यांना नमस्कार करून घरी आले.

दिवाळीपर्यंत कारखाना रात्रंदिवस चालला. गोकर्णाला मी बांधणीच्या खोलीत, जिथे शेंदराला हात लागत नाही तिथे, घ्या म्हणून सांगितलं. शेठ म्हणाले, मोसमात एवढा चांगला हात बांधणीत कोण घालवतो, दिवाळी झाल्यावर बघू. ती शेंदराच्या खोलीत गेली. मी तिला तोंडाला बांधायला फडकं दिलं, हात धुवायला साबण दिला. दर आठवड्याला ती विचारायची, पूड निघाली का मुंबईहून? मी म्हणायची, निघेल.

दिवाळी झाल्यावर एकदा मिस्तरी माझ्या टेबलापाशी आले. त्यांनी स्टूल पायाने ओढून घेतलं. हातांनी ते त्यांना ओढता येत नव्हतं.

“म्याडम, मला वास आला व्हता. शेनाचा.”

मी पेन खाली ठेवलं.

“मग बोलला का नाहीत?”

“बाईनं जबाब दिल्याला. मी उलटं बोललो असतो तर ती खोटी पडली असती. शेठनं तिला त्याच दिशी काडली असती.” त्यांनी लोंबते पंजे मांडीवर घेतले. “मला वाटलं, तुमी बोलाल. तुमी शिकल्याल्या. तुमच्या बोलन्यात तिला बी सांबाळून घेतलं असतं तुमी.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. ते उठले आणि दोन्ही तळव्यांनी दार ढकलून बाहेर गेले.

पौषात गोकर्णाला तालुक्याच्या दवाखान्यात नेल्याचं कळलं. सहावा महिना होता. शिशामुळेच झालं असं छातीवर हात ठेवून कोणी सांगू शकत नाही. डॉक्टरांनी कागदावर अशक्तपणा लिहिला होता. मी दुपारी भेटायला गेले तेव्हा ती भिंतीकडच्या खाटेवर जागी होती. नवरा डबा आणायला गेला होता. तिच्या नखांच्या कडांना अजून लाल होतं.

मी स्टुलावर बसले. मोसंबी आणली होती, ती कुठे ठेवावी ते कळेना.

“मुलगी व्हती,” ती म्हणाली.

मी तिचा हात हातात घेतला. आज सांगायचंच म्हणून मी आले होते. सांगितल्याने तिला काय मिळणार होतं हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. मला मोकळं व्हायचं होतं. मी म्हणाले, “गोकर्णा, त्या दिवशी साहेबांसमोर तू जे बोललीस ना...”

ती माझ्याकडे वळली. तिचे डोळे कोरडे होते आणि फार दमलेले होते.

“म्याडम, खरं सांगा. मी बोलले नसते तर तुमाला काडलं असतं न्हवं?”

“हो,” मी म्हणाले. हे खरं होतं.

“मंग बरं झालं बोलले,” ती म्हणाली. “येवढं तरी बरं झालं.” आणि माझा हात तसाच धरून तिने डोळे मिटले.

मी तिचा नवरा येईपर्यंत बसून राहिले. त्याच आठवड्यात मी राजीनामा दिला. अर्जात कारण लिहावं लागायचं. मी लिहिलं, प्रकृती ठीक नसते.